घटक ७ : आकाशातील मौनाचा अर्थ – महानगरांवरील लहान विमानांचे सुरक्षा-निर्बंध

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• महानगरांवरून उडणाऱ्या लहान खाजगी विमानांवर कोणते निर्बंध असतात आणि ते कशासाठी असतात, हे सांगता येईल.
• 'मनाई', 'निर्बंध' आणि 'धोका' या संज्ञांतील भेद स्पष्ट करता येईल.
• हे निर्बंध म्हणजे एक चिन्हव्यवस्था कशी आहे, हे उदाहरणांसह विशद करता येईल.
• प्रशासकीय मनाई-आदेशाच्या भाषेचे विश्लेषण करता येईल.

७.१ प्रास्ताविक



११ मे २००५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, संसदभवन आणि सर्वोच्च न्यायालय या इमारती घाईघाईने रिकाम्या करण्यात आल्या. हजारो माणसे रस्त्यावर धावत सुटली. कारण होते सेस्ना १५० जातीचे एक दोन आसनी विमान. पेनसिल्व्हानिया राज्यातून निघून ते नॉर्थ कॅरोलायनातील एका हवाई प्रदर्शनाकडे चालले होते. विमानात एक अल्पानुभवी परवानाधारक वैमानिक होता आणि दुसरा अजून विमानविद्या शिकत होता. दोघे वाट चुकले होते. हेलिकॉप्टर आणि लढाऊ विमाने त्यांच्याजवळ पोहोचली, त्यांचे लक्ष वेधण्यासाठी फ्लेअर म्हणजे जळते प्रकाशगोळे सोडण्यात आले. सेस्ना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापासून सुमारे तीन मैलांवर आले असताना त्याने दिशा बदलली. पुढे त्याला मेरीलँडमधील एका विमानतळावर उतरवण्यात आले. चौकशीत कोणताही दुष्ट हेतू आढळला नाही. गुन्हा नोंदवला गेला नाही, मात्र वैमानिकाचा परवाना रद्द झाला.

त्या दोघांनी कोणाला धमकी दिली नव्हती की कोणावर हल्ला केला नव्हता. त्यांनी जे बोलायला हवे होते ते बोलले नव्हते, एवढेच. त्यांनी परवानगी मागितली नव्हती, स्वतःची ओळख सांगितली नव्हती, आणि सुरुवातीला रेडिओवरील हाकेला प्रतिसादही मिळत नव्हता. जमिनीवरून पाहणाऱ्यांनी या मौनाचा अर्थ 'हल्ला' असा लावला, आणि तो तसा लावणे त्यांना भागच होते.

चिन्ह, संकेत आणि अर्थ यांचा परस्परसंबंध आपण मागील घटकात पाहिला. प्रस्तुत घटकात ती चर्चा एका वेगळ्या क्षेत्रात नेऊन पाहायची आहे. महानगरांवरील आकाशात लहान विमानांना कोणते नियम लागू होतात, ते कसे घडले, आणि एखाद्या खुणेच्या आधारे माणसाचा हेतू वाचणे कितपत शक्य आहे, हे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. विषय विमानांचा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांच्या, ओळखीचा आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ 'मनाई', 'निर्बंध' आणि 'धोका'

प्रथम संज्ञा निश्चित करू. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतुकीचा पाया असलेला शिकागो करार ७ डिसेंबर १९४४ रोजी झाला. प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे त्याच्या पहिल्याच कलमात मान्य केलेले आहे. लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी राष्ट्राला आपल्या आकाशाचा काही भाग उड्डाणांसाठी बंद वा मर्यादित करता येतो, असे नववे कलम सांगते. या तत्त्वांतून तीन प्रकारची क्षेत्रे रूढ झाली.

पहिल्या प्रकारच्या क्षेत्रात उड्डाणाला पूर्ण मनाई असते. दुसऱ्यात ठरावीक अटी पाळून उड्डाण करता येते. तिसऱ्यात विशिष्ट वेळी धोकादायक हालचाली, उदाहरणार्थ गोळीबाराचा सराव, चालू असतात. तेथे केवळ सावधगिरीची सूचना असते. भारतातही हीच विभागणी आहे. दिल्लीतील राष्ट्रपती भवनाचा परिसर पहिल्या प्रकारात मोडतो.

आपल्या वृत्तपत्रांत मात्र पहिल्या दोन्ही प्रकारांसाठी 'प्रतिबंधित क्षेत्र' हा एकच शब्द वापरला जातो. 'येथे येऊच नये' आणि 'येथे अटी पाळून यावे' या दोन विधानांतील भेद त्यामुळे पुसला जातो. या घटकात आपण अनुक्रमे 'मनाई क्षेत्र', 'निर्बंध क्षेत्र' आणि 'धोका क्षेत्र' असे शब्द वापरू. मनाईच्या नियमाला उल्लंघन एवढेच समजते. निर्बंधाचा नियम येणाऱ्याला प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तराची वाट पाहतो. महानगरांवरील लहान विमानांचे नियम बहुतांशी या दुसऱ्या जातीचे असल्यामुळे हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

७.२.२ अंतर म्हणजे वेळ

वॉशिंग्टनमधील राष्ट्राध्यक्ष-निवासाभोवती मनाई क्षेत्र २००१ च्या कितीतरी आधीपासून होते. तरीही १२ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर चोरलेले एक सेस्ना १५० विमान थेट त्या निवासस्थानाच्या दक्षिणेकडील हिरवळीवर येऊन कोसळले. त्यात वैमानिकाव्यतिरिक्त कोणाचाही मृत्यू झाला नाही. या घटनेने एक उणीव उघड झाली. मनाई क्षेत्र नकाशावर होते, परंतु ते इतके लहान होते की विमानाने सीमा ओलांडल्याचे कळेपर्यंत ते लक्ष्यावर पोहोचलेले असे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर या उणिवेकडे गांभीर्याने पाहिले गेले. त्या दिवशी अमेरिकेतील सर्व नागरी विमाने जमिनीवर उतरवण्यात आली. मोठ्या कंपन्यांची प्रवासी विमाने काही दिवसांत पुन्हा उडू लागली. लहान खाजगी विमानांना अधिक काळ थांबावे लागले. पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांवरही काही काळ बंदी आली, कारण त्यांतून विषारी द्रव्य पसरवले जाईल अशी भीती होती. वॉशिंग्टनजवळचे मेरीलँडमधील तीन लहान विमानतळ बंद झाले. त्यांतील कॉलेज पार्क हा विमानतळ १९०९ मध्ये सुरू झालेला आहे; विल्बर राइट यांनी तेथे लष्करी अधिकाऱ्यांना विमान चालवण्यास शिकवले होते. २००२ मध्ये हे विमानतळ पुन्हा खुले झाले, पण तेथून उडू इच्छिणाऱ्या वैमानिकाची आधी पार्श्वभूमी तपासली जाऊ लागली, बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले. शहराच्या अगदी निकट असलेला रेगन राष्ट्रीय विमानतळ तर खाजगी विमानांसाठी २००५ पर्यंत बंदच राहिला. नंतर तो खुला झाला तेव्हाही विमानात सशस्त्र सुरक्षा अधिकारी असावा, अशी अट आली.

फेब्रुवारी २००३ मध्ये वॉशिंग्टनभोवती एक विस्तृत निर्बंध क्षेत्र आखले गेले. ते तात्पुरते म्हणून आखले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ते कायम झाले. त्याची त्रिज्या ३० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर आहे, आणि ते जमिनीपासून १८,००० फुटांपर्यंत पसरलेले आहे. त्याच्या आत सुमारे १३ ते १५ सागरी मैल त्रिज्येचे अधिक कडक क्षेत्र आहे, आणि त्याच्याही आत मूळचे छोटे मनाई क्षेत्र. डोळ्यांनी पाहत उडणाऱ्या वैमानिकाला ६० सागरी मैलांच्या आत उडायचे असेल तर या नियमांचे विशेष प्रशिक्षण आधी पूर्ण करावे लागते.

हे आकडे पाठ करण्यासाठी दिलेले नाहीत. त्यांच्यामागील गणित पाहा. ३० सागरी मैलांच्या आत अशा विमानाचा वेग १८० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी १८० सागरी मैलांपेक्षा, अधिक असता कामा नये असा नियम आहे. या वेगाने ३० सागरी मैल कापण्यास दहा मिनिटे लागतात, १५ सागरी मैल कापण्यास पाच. नकाशावरील ही वर्तुळे म्हणजे मिनिटांत मोजलेली सवड आहे. विमान दिसणे, ते कोणाचे आहे हे ओळखणे, त्याला हाक मारणे, लढाऊ विमान पाठवणे, इमारत रिकामी करणे आणि शेवटचा निर्णय घेणे, हे सारे या दहा मिनिटांत बसवायचे असते. वेगमर्यादा आणि त्रिज्या हे दोन वेगळे नियम नसून एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

७.२.३ हेतू दिसत नाही, खुणा दिसतात

दहा मिनिटांत नेमके काय ओळखायचे असते? वैमानिकाचा हेतू. आणि हेतू तर कोणत्याही रडारवर दिसत नाही. रडारच्या पडद्यावर फक्त एक ठिपका दिसतो. म्हणून शासनाने वैमानिकाला काही खुणा बाळगण्याची सक्ती केली आहे. वॉशिंग्टनच्या निर्बंध क्षेत्रात शिरणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या असतात : उड्डाणाचा आराखडा आधी कळवायचा, वाहतूक-नियंत्रकाशी रेडिओवर दुहेरी संपर्क ठेवायचा, आणि ट्रान्सपाँडर या उपकरणातून आपल्याला दिलेला संकेतांक सतत प्रक्षेपित करायचा.

यांपैकी ट्रान्सपाँडरचा संकेतांक भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तो चार अंकी असतो आणि त्यात ० ते ७ हे आठच अंक वापरले जातात. म्हणजे या छोट्या भाषेत आठ वर्ण आहेत, प्रत्येक शब्द चार वर्णांचा आहे आणि एकूण शब्दसंख्या ४,०९६ आहे. काही शब्दांचा अर्थ जगभर ठरलेला आहे. ७५०० म्हणजे 'विमानाचे अपहरण झाले आहे', ७६०० म्हणजे 'रेडिओ बंद पडला आहे', ७७०० म्हणजे 'संकटात आहे'. अमेरिकेत १२०० हा संकेतांक म्हणजे 'मी डोळ्यांनी पाहत उडणारा एक सामान्य वैमानिक'. देशभर तो चालतो, वॉशिंग्टनच्या वर्तुळात मात्र चालत नाही. तेथे सामान्यनाम पुरेसे नसते, विशेषनाम लागते. प्रत्येक विमानाला त्या फेरीपुरता स्वतंत्र संकेतांक घ्यावा लागतो.

आता मौनाकडे वळू. मराठीच्या रूपविचारात आपण शून्य प्रत्यय अभ्यासला आहे. 'एक घोडा – दोन घोडे' यात अनेकवचनाची खूण दिसते. 'एक दगड – दोन दगड' यात ती दिसत नाही. तरीही 'दोन दगड' मधील रूप अनेकवचनी आहे असे आपण म्हणतो, कारण व्यवस्थेत त्या जागी काहीतरी येणे अपेक्षित असते. जेथे चिन्ह अपेक्षित आहे तेथे त्याचा अभावही चिन्ह होतो. व्यवस्था नसेल तर अभावाला अर्थ नसतो.

आकाशातही हेच घडते. एखाद्या ओसाड प्रदेशावरून रेडिओविना चाललेले लहान विमान काहीच 'म्हणत' नाही. तेच विमान वॉशिंग्टनच्या वर्तुळात शिरले की त्याचे मौन विधान ठरते, कारण तेथील प्रत्येक विमान बोलते आहे. त्या क्षणी वैमानिकात काही बदल झालेला नसतो. सीमा ओलांडताच तो जणू एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेला असतो, आणि पुष्कळदा त्याला त्याची जाणीवही नसते.

रेडिओ निरुपयोगी ठरला तर खुणांची आणखी एक भाषा शिल्लक राहते. अडवणारे लढाऊ विमान पुढे येऊन पंख डावी-उजवीकडे झुकवते, त्याचा अर्थ 'तुला अडवले आहे, माझ्यामागे ये'. उत्तरादाखल आपलेही पंख तसेच झुकवायचे, म्हणजे 'समजले, येतो'. अडवणारे विमान एकदम वळून वर निघून गेले तर 'तू जाऊ शकतोस'. हे संकेत आंतरराष्ट्रीय नियमांत नोंदलेले आहेत. २००५ पासून वॉशिंग्टनमध्ये जमिनीवरून लाल-हिरव्या प्रकाशझोतानेही इशारा दिला जातो. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्याशी बोलण्याचा मार्ग शेवटपर्यंत उघडा ठेवणे, हा या सर्व संकेतांचा हेतू आहे.

आपली प्रगती तपासा – १
१. 'मनाई क्षेत्र' आणि 'निर्बंध क्षेत्र' यांतील भेद दोन वाक्यांत सांगा.
२. ट्रान्सपाँडरच्या संकेतांकांना 'भाषा' म्हणणे कितपत योग्य आहे? मानवी भाषेची कोणती वैशिष्ट्ये त्यांत नाहीत?

७.२.४ वाचन चुकते तेव्हा

खुणांवरून हेतू ओळखायचा म्हटले की दोन तऱ्हेच्या चुका संभवतात. निरुपद्रवी माणूस शत्रू समजला जातो, किंवा उपद्रवी माणूस आपला समजला जातो. एक चूक टाळण्याचा प्रयत्न केला की दुसरीची शक्यता वाढते. सोव्हिएत संघाच्या इतिहासात या दोन्ही चुका चार वर्षांच्या अंतराने घडल्या.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान लढाऊ विमानाने पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले. जगभर निषेध झाला. त्यानंतर २८ मे १९८७ रोजी मथियस रुस्ट हा अठरा वर्षांचा पश्चिम जर्मन तरुण भाड्याचे सेस्ना १७२ घेऊन हेलसिंकीहून निघाला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी उतरला. रडारवर तो दिसला होता. लढाऊ विमानेही त्याच्या जवळून गेली होती. पण वाटेत एका ठिकाणी प्रशिक्षणाची उड्डाणे चालू असल्यामुळे त्याची गणना स्वकीय विमानांत झाली, तर दुसऱ्या ठिकाणी आदल्या दिवशीच्या अपघाताच्या शोधकार्यातील हेलिकॉप्टर म्हणून तो दुर्लक्षिला गेला. आपण शांततेचा संदेश घेऊन आलो असे रुस्टने सांगितले. परिणामी संरक्षणमंत्री सर्गेई सोकोलोव्ह यांना पद गमवावे लागले.

वॉशिंग्टनमध्ये झालेल्या चुका याहून सौम्य, पण बोधप्रद आहेत. २० एप्रिल २०२२ रोजी संसदभवन पुन्हा एकदा रिकामे करण्यात आले. या वेळी आकाशातले विमान लष्कराच्याच छत्रीधारी पथकाचे होते आणि जवळच्या बेसबॉल मैदानावरील कार्यक्रमासाठी उडत होते. विमानाने काहीही चुकवले नव्हते. संसदभवनाच्या पोलिसांना त्याची पूर्वसूचनाच पोहोचली नव्हती. चिन्ह योग्य होते, वाचणाऱ्याला मात्र ते ठाऊक नव्हते. ४ जून २०२३ रोजी एक छोटे खाजगी जेट ३४,००० फुटांवरून, म्हणजे निर्बंध क्षेत्राच्याही वरून, वॉशिंग्टनवरून गेले. कोणत्याही हाकेला त्यातून उत्तर येत नव्हते. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने निघालेल्या लढाऊ विमानांचा गडगडाट शहरभर ऐकू आला. जवळ गेलेल्या वैमानिकांना आत वैमानिक आसनात कलंडलेला दिसला. पुढे ते जेट व्हर्जिनियात कोसळले आणि त्यातील चौघेही मरण पावले. ते मौन हल्ल्याचे नव्हते, शुद्ध हरपल्याचे होते.

याच्या उलट उदाहरण १८ फेब्रुवारी २०१० चे आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका परवानाधारक वैमानिकाने करखात्यावरील रागापोटी आपले स्वतःचे लहान विमान त्या खात्याचे कार्यालय असलेल्या इमारतीवर आदळले. तो आणि एक कर्मचारी मृत्युमुखी पडले. परवाना खरा होता, विमान त्याच्याच मालकीचे होते. खुणांत शोधण्यासारखे काही नव्हते. कोणतीही चिन्हव्यवस्था खोटे बोलण्याची शक्यता नाहीशी करू शकत नाही. खोटे बोलता येणे हे तर चिन्हव्यवस्थेचे लक्षणच आहे.

७.२.५ लहान विमान, मोठा निर्बंध?

वैमानिकांच्या संघटनांचा एक आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. सेस्ना १७२ चे पूर्ण भारासह वजन सुमारे ११०० किलो, म्हणजे एखाद्या चारचाकी मोटारीएवढे असते, आणि त्यात सुमारे २०० लिटर इंधन मावते. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळलेल्या विमानांपैकी प्रत्येकाचे वजन शंभर टनांहून अधिक होते आणि त्यात सुमारे ३८,००० लिटर इंधन होते. ५ जानेवारी २००२ रोजी फ्लोरिडातील टॅम्पा येथे पंधरा वर्षांच्या मुलाने सेस्ना १७२ एका उंच इमारतीवर आदळले, तेव्हा त्याच्याशिवाय कोणी मेले नाही. त्याच वर्षी १८ एप्रिलला मिलान येथील पिरेली मनोऱ्यावर एक लहान विमान आदळून तिघांचा मृत्यू झाला. मग रस्त्यावरच्या मालमोटारीला जे विचारले जात नाही, ते लहान विमानाला का विचारावे?

याचे उत्तर असे दिले जाते की विमान कोणतेही कुंपण, कोणताही पहारा ओलांडून थेट लक्ष्यावर पोहोचू शकते, आणि त्यात स्फोटक वा विषारी द्रव्य असेल तर वजनाचा हिशेब उरत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र लहान विमानांसाठीचे सर्वच नियम हल्ल्याच्या भीतीतून आलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ११ ऑक्टोबर २००६ रोजी बेसबॉलपटू कोरी लायडल यांचे विमान न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीवरून वळताना एका निवासी इमारतीवर आदळले. तो अपघात होता. त्यानंतर त्या नदीवरील मार्गाने नियंत्रकाच्या परवानगीशिवाय लहान विमाने नेण्यास मनाई झाली. ८ ऑगस्ट २००९ रोजी हडसन नदीवर एक लहान विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ जण दगावले. तेथेही उंचीचे व रेडिओ-घोषणेचे नवे नियम आले. अपघात टाळण्याचा नियम आणि हल्ला रोखण्याचा नियम वरवर सारखे दिसतात. पहिला सर्वांना परस्परांशी बोलायला लावतो. दुसरा सर्वांना शासनाशी बोलायला लावतो.

७.२.६ शेवटचा प्रश्न

हाकेला उत्तर आले नाही, पंखांची खूण समजली नाही, दहा मिनिटे संपत आली. पुढे काय करावे? या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार जर्मनीत झाला, आणि त्याची सुरुवात एका लहान विमानाने केली. ५ जानेवारी २००३ रोजी एका माणसाने चोरलेले मोटर-ग्लायडर फ्रँकफर्टच्या बँकांच्या मनोऱ्यांभोवती फिरवले आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेवर आदळण्याची धमकी दिली. अखेरीस तो सुखरूप उतरला. या घटनेनंतर जर्मनीने हवाई सुरक्षेचा कायदा केला. तो २००५ मध्ये अमलात आला. माणसांच्या जिवावर उठलेले विमान, दुसरा कोणताही उपाय नसल्यास, पाडण्याचा अधिकार त्यात दिला होता.

१५ फेब्रुवारी २००६ रोजी कार्ल्सरुह येथील संघराज्य संविधान न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. विमानात निरपराध प्रवासी असतील तर त्यांना मारून जमिनीवरच्या इतरांना वाचवणे म्हणजे त्यांना माणूस न मानता साधन मानणे होय, आणि ते मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या दृष्टीने त्या निर्णयातील आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. निर्णय घेणाऱ्यांना विमानात प्रत्यक्ष काय चालले आहे याची खात्री बहुधा नसते. काही मिनिटांत, अपुऱ्या माहितीवर, संशयावरून निर्णय घ्यावा लागतो. न्यायालयाने ही अनिश्चितता विचारात घेतली. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८३ च्या दुर्घटनेनंतर शिकागो करारात १९८४ मध्ये नवे कलम स्वीकारले गेले होते. उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरण्यापासून राष्ट्रांनी दूर राहावे, असे ते सांगते. राष्ट्रांचा स्वसंरक्षणाचा हक्क मात्र अबाधित ठेवते.

म्हणजे खुणांवरून संशय घेता येतो, अडवता येते, उतरवता येते, दंड करता येतो. खुणांवरून प्राण घेता येतो का, या प्रश्नाशी मात्र कायदाही थबकतो. अर्थ लावणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते याचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण.

७.२.७ आपल्या शहरातील आदेश

मुंबईत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या जातीचा मजकूर वृत्तपत्रांत अनेकदा वाचला असेल. ड्रोन, पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, हॉट एअर बलून, दूरनियंत्रित मायक्रोलाइट विमाने यांच्या उड्डाणास बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू आहे. असा आदेश मूलतः अल्पकाळाचा असतो. कायद्याने त्याची मुदत दोन महिन्यांपर्यंत मर्यादित केली आहे; त्यापुढे मुदत वाढवायची तर राज्य शासनाला ठरवावे लागते. व्यवहारात मुदत संपताच नवा आदेश निघतो. वॉशिंग्टनचे 'तात्पुरते' क्षेत्र सहा वर्षांनी कायम झाले हे आपण पाहिले. तात्पुरतेपणाचा शब्द आणि कायमपणाचा व्यवहार यांतील हे अंतर वाचकाने ओळखले पाहिजे.

अशा आदेशाच्या भाषेत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, क्रियापदाचा अर्थ. कारणाचा भाग शक्यतेच्या भाषेत असतो : समाजविघातक व्यक्ती अशा साधनांचा वापर करण्याची शक्यता आहे. हुकुमाचा भाग निश्चिततेच्या भाषेत असतो : मनाई करण्यात येत आहे. शक्यतेपासून निश्चिततेपर्यंतची ही उडी प्रत्येक सुरक्षा-नियमात असते. दुसरी, कर्त्याचा लोप. 'मनाई करण्यात येत आहे' या कर्मणी वळणाच्या रचनेत मनाई करणारा दिसत नाही. तो फक्त स्वाक्षरीत भेटतो. तिसरी, वस्तूंची यादी. येथे परभाषेतील शब्द ठेवणेच योग्य, कारण वापरणारे याच नावांनी त्या वस्तू ओळखतात. मात्र काही बातम्यांत 'हँग ग्लायडर' ऐवजी 'हँड ग्लायडर' असे छापलेले दिसते. वस्तूचे नावच चुकले तर मनाई नेमकी कशाला, असा प्रश्न उभा राहतो. इतर लेखनात असा दोष क्षम्य ठरेल; दंडाची तरतूद असलेल्या लेखनात नाही.

आपली प्रगती तपासा – २
१. ऑस्टिन (२०१०) आणि वॉशिंग्टन (२०२३) या घटनांत चिन्ह व हेतू यांचे नाते कसे वेगवेगळे होते?
२. 'मनाई करण्यात येत आहे' हे वाक्य कर्ता व्यक्त करून पुन्हा लिहा. अर्थच्छटेत कोणता फरक पडला?

७.३ सारांश

महानगरांवरील आकाशात लहान विमानांवर घातलेले निर्बंध म्हणजे वेळ मिळवण्याची आणि ओळख पटवण्याची व्यवस्था आहे. वर्तुळांची त्रिज्या मिनिटांचा हिशेब सांगते. आराखडा, रेडिओ आणि संकेतांक या खुणा हेतूच्या जागी वाचल्या जातात. अशा व्यवस्थेत खुणेचा अभाव हाही खूण ठरतो. त्यामुळे वाट चुकलेला किंवा शुद्ध हरपलेला वैमानिक शत्रू भासू शकतो आणि रीतसर खुणा बाळगणारा हल्लेखोर निसटू शकतो. निर्बंध आवश्यक आहेत, हे मान्य करूनही त्यांच्या आधारे लावलेला अर्थ नेहमी संभाव्य असतो, निश्चित नसतो, हे विसरता येत नाही. जर्मनीतील न्यायालयाने आपल्या निर्णयात ही अनिश्चितता विचारात घेतली. भाषेच्या अभ्यासकाने एवढे लक्षात ठेवावे की, गप्प राहिलेल्या माणसाच्या मौनाला अर्थ देतो तो ऐकणारा. म्हणून त्या अर्थाचे उत्तरदायित्वही ऐकणाऱ्यावर येते.

७.४ स्वाध्याय

१. 'अंतर म्हणजे वेळ' हे विधान वॉशिंग्टनच्या निर्बंध क्षेत्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. शून्य प्रत्ययाची संकल्पना आणि आकाशातील मौन यांची तुलना करा. तुलनेच्या मर्यादाही सांगा.
३. सोव्हिएत संघातील १९८३ व १९८७ च्या घटनांवरून 'वाचनातील दोन चुका' विशद करा.

उपक्रम : आपल्या परिसरातील एखादा मनाईचा फलक किंवा आदेश उतरवून घ्या. त्यात कोणाला, कोठे, केव्हा आणि कशाची मनाई आहे, अपवाद कोणते, कारण दिले आहे का, आणि कर्ता व्यक्त आहे की लुप्त, हे तपासा. नंतर तोच मजकूर कोणाही वाचकाला एका वाचनात कळेल अशा मराठीत, अर्थ न बदलता, पुन्हा लिहा. कोठे अडखळलात याची नोंद ठेवा आणि संपर्कसत्रात तिच्यावर चर्चा करा.